‘दीनबंधू’ची सहा वर्षे आणि तानुबाई बिर्जे

कोल्हापुरात जुन्या वर्तमानपत्रांचा विषय निघाला की गप्पा ठरलेल्या वाटेने जातात. शाहू महाराजांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ला दिलेले अडीच हजार रुपये, मग खंडेराव बागलांचे ‘हंटर’, बाळासाहेब पाटलांचे ‘सत्यवादी’, ग. गो. जाधवांचा ‘पुढारी’. ही नावे घ्यायलाच हवीत. पण या सगळ्यांच्या आधी बहुजन समाजाचे एक साप्ताहिक सहा वर्षे एका बाईंनी चालवले आणि त्यांचे नाव आपल्या तोंडी येत नाही, याची मला फार खंत वाटते.

‘दीनबंधू’ कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केले. पैशाअभावी ते अडखळले, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे ते १८८० मध्ये मुंबईला घेऊन गेले आणि पत्र गिरणी कामगारांच्या हाती पोहोचले. १८९७ च्या प्लेगमध्ये लोखंडे गेले. त्यानंतर वासुदेवराव बिर्जे यांनी पत्र पुन्हा उभे केले. बिर्जे हे बडोद्याला सयाजीरावांचे ग्रंथपाल होते. १९०६ मध्ये तेही प्लेगने गेले.

मागे राहिल्या तानुबाई. वय तिशीचे. त्या काळी विधवेने काय करायचे, कुठे बसायचे हे दुसरे ठरवत. आपल्या करवीर संस्थानातही विधवा पुनर्विवाहाचा कायदा व्हायला १९१७ उजाडले. तानुबाईंनी मात्र नवऱ्याचे पत्र बंद पडू दिले नाही. संपादक म्हणून त्या स्वतः उभ्या राहिल्या. हे बळ एका दिवसात आलेले नव्हते. त्यांचे वडील देवराव ठोसर हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, आणि तानुबाई शिकल्या त्या फुल्यांच्याच शाळेत.

स्त्रियांनी मासिके त्याआधीही काढली होती. माणकबाई लाडांचे ‘आर्यभगिनी’ १८८६ चे. पण ती बायकांनी बायकांसाठी काढलेली मासिके होती. राजकारण, शेतसारा, नोकऱ्या, शिक्षण यांवर दर आठवड्याला भूमिका घ्यायची आणि ती पुरुष वाचकांसमोर मांडायची, हे काम वेगळे. म्हणूनच तानुबाईंना भारतातील पहिल्या स्त्री संपादक म्हणतात.

लहानपणी शनिवार पेठेत मी खिळ्यांचा छापखाना पाहिला आहे. एकेक अक्षर उचलून उलटे लावायचे, जोडाक्षराला वेगळा खिळा, मात्रा-वेलांटी हाताने जुळवायची. प्रूफ काढले की बोटे काळी, आणि खिळे धुवायला रॉकेल. एका पत्रिकेला दुपार जाई. ‘दीनबंधू’ त्याच खिळ्यांच्या काळातले. मजकूर, कागद, मजुरी, वर्गणी, टपाल यांतले काहीही एका आठवड्यासाठी चुकले की अंक अडला.

आणि काळ धाकाचा. कोल्हापुरातच १९०८ मध्ये ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या एका लेखावरून प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली. १९१० च्या प्रेस ॲक्टने छापखान्यांकडून जामिनाची रक्कम मागायचा अधिकार सरकारला दिला. अशा दिवसांत तानुबाई लिहीत होत्या.

११ जानेवारी १९११ रोजी भास्करराव जाधवांच्या पुढाकाराने कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला, तेव्हा मुंबईत ‘दीनबंधू’ची धुरा त्यांच्याकडेच होती. फुल्यांच्या निधनानंतरची वीस वर्षे चळवळीला ओहोटीची होती, असे आपण सहज म्हणून जातो. त्या ओहोटीत दर आठवड्याचा अंक ज्यांनी काढला, त्यांचे मोल मला कमी वाटत नाही.

१९१२ मध्ये तानुबाईंनी अग्रलेखाला घेतलेला एक विषय होता मुंबई इलाख्याचे कायदे कौन्सिल आणि बहुजन समाज. कौन्सिलात कोण बसते, कोणाचे बोलते, हा प्रश्न त्या विचारत होत्या. त्या वेळी त्यांना स्वतःला मत नव्हते. मुंबई इलाख्यातल्या स्त्रियांना ते १९२१ मध्ये मिळाले, तेही मिळकतीच्या अटीवर.