लाँग रनचा वेग आणि ‘२२० वजा वय’

रविवारी पहाटे फुटाळ्याहून सेमिनरी हिल्सकडे लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्याला, निघणाऱ्या घोळक्यांत हल्ली एकमेकांना दामटून हळू पळवलं जातं. नागपूरला हे उशिरा सुचलं. इथल्या मैदानांवरचं पळणं बरीच वर्षं भरतीच्या पोरांचं होतं. पोलीस भरतीला १६०० मीटर, आणि गुण वेळेवर. तिथे सावकाश पळून कुणाचं भलं होणार? तोच हिसका हाफ मॅरेथॉनच्या तयारीत आला आणि दर रविवारची लाँग रन शर्यत होऊन बसली.

बाहेर रविवारच्या लाँग रनची कल्पना जुनी आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या दोघांनी एकाच दिवशी ८०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदकं घेतली. दोघांचा प्रशिक्षक एकच, आणि तो ८०० मीटरवाल्यालाही रविवारी ३५ किलोमीटर पळवायचा. तो वेग आजच्या अर्थाने संथ नव्हता, हे मात्र सोयीने विसरलं जातं.

खरा घोळ हृदयाचे ठोके मोजणाऱ्या मनगटी घड्याळांनी घातला. इझी पेस, म्हणजे सावकाश पळण्याचा वेग, हा मिनिटाला पडणाऱ्या कमाल ठोक्यांच्या ६० ते ७० टक्के, असं ती सांगतात. पण कमाल ठोके किती? बहुतेक ठिकाणी आधीपासून भरलेलं उत्तर असतं २२० वजा वय. हे सूत्र १९७१ चं. हृदयविकाराच्या संदर्भात व्यायामाचा विचार करताना, हाती असलेल्या आकड्यांवर नजरेच्या अंदाजाने ओढलेली ती रेघ. धावपटूंसाठी ती आखलीच नव्हती. २००१ मध्ये २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सुधारित सूत्र आलं. चाळिशीला दोन्हींचं उत्तर १८०, म्हणून भांडण दिसत नाही. साठीला एक १६० म्हणतं, दुसरं १६६. शिवाय माणसामाणसात १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. साठीतल्या एखाद्याचे कमाल ठोके १७८ असतील, तर त्याची ७० टक्क्यांची हद्द १२५ वर येते आणि घड्याळ त्याला ११२ लाच अडवतं. बिचारा अंबाझरीच्या सपाट रस्त्यावरही चालत सुटतो. असं सूत्र घड्याळांत अजून का ठेवावं, हे कोडंच आहे.

त्यात इथला उन्हाळा. मे महिन्यात पहाटे पाचलाही पारा तिशीच्या आसपास असतो. अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामाने त्याचं पाणी कमी होतं, दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि वेग तोच असून ठोके चढत जातात. डिसेंबरचा इझी पेस मेमध्ये इझी राहत नाही. तरी काहीजण हिवाळ्यातला आकडा धरून बसतात आणि दहाव्या किलोमीटरनंतर फुटपाथवर टेकतात.

म्हणून जुन्या भिडूंनी बोलण्याची कसोटी पुन्हा पुढे आणली आहे. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. दोन शब्दांत धाप लागली तर कमी करायचा. ठोक्यांचा आकडा घरी आल्यावर पाहायचा.