चिलखतातला नाइट आणि ती क्रेन

युरोपातल्या मध्ययुगीन नाइटला, म्हणजे घोडेस्वार सरदार योद्ध्याला, पोलादी चिलखत इतकं जड व्हायचं, की घोड्यावर बसवायला क्रेन लागायची आणि पडला की उलट्या कासवासारखा हातपाय हलवत राहायचा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मजेशीर चित्र आहे, पण चुकीचं. अशा क्रेनचा त्या काळातला एकही पुरावा नाही.

पंधराव्या शतकातलं लढाईचं पूर्ण चिलखत साधारण 20 ते 25 किलोचं असे. आजचा सैनिक पाठीवर याहून जास्त ओझं वाहतो. शिवाय हे वजन एकट्या खांद्यांवर येत नाही. पत्रे चामडी पट्ट्यांनी आणि रिव्हेटांनी जोडलेले, माणसाच्या मापाचे, त्यामुळे भार अंगभर वाटला जातो. फ्रान्सचा मार्शल, म्हणजे सेनानी, बूसिको तर शिरस्त्राण सोडून बाकी सगळं चिलखत घालून कोलांटी मारायचा, असं त्याचा समकालीन चरित्रकार लिहितो. (चरित्रकार त्याचं कौतुक करणारा माणूस, थोडं मीठमसाला धरून चाला.)

गैरसमजाला थोडा आधार आहे. घोड्यावरून भाल्यांनी झुंजायच्या खेळाचं खास चिलखत खरंच बरंच जड असे, आणि संग्रहालयांत तेही मांडलेलं दिसतं. पण ते रणांगणासाठी नव्हतंच.

मग चिलखताचा त्रास नव्हता? होता की! 2011 साली ट्रेडमिलवर केलेल्या प्रयोगात चिलखत घालून चालायला दुपटीहून जास्त शक्ती लागली, कारण पायांवरचा पत्रा प्रत्येक पावलाला उचलावा लागतो. 1415 साली फ्रान्समधल्या आझँकूरच्या लढाईत चिखलात फ्रेंच सरदार दमले, त्यात याचाही वाटा होता.