हिब्रू स्कूल आणि डे स्कूल: टॅबलेटचा पडदा तोच, काम वेगळं

अमेरिकेतल्या ज्यू घरातलं मूल ‘हिब्रू स्कूल’ला जातं म्हटलं की आपल्याला वाटतं, त्याची शाळाच ज्यूंची असणार. बहुधा तसं नसतं. ते मूल एरवी साध्या सरकारी शाळेत शिकतं आणि रविवारी सकाळी किंवा आठवड्यातल्या एखाद्या दुपारी सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातल्या, वर्गाला बसतं. फिलाडेल्फियात रिबेका ग्रॅट्झ यांनी १८३८ मध्ये रविवारची शाळा काढली, तिच्याच परंपरेतली ही सोय. ‘डे स्कूल’ म्हणजे पूर्ण वेळची खासगी शाळा. तिथे तोरा (मोशेचे पाच ग्रंथ), तालमूद (जुन्या ज्यू पंडितांच्या धर्मचर्चांचा ग्रंथ), हिब्रू आणि गणित-विज्ञान एकाच छपराखाली. फी भरताना आईबाप मेटाकुटीला येतात ते इथे.

मुंबईत माझगावची सर एली कदूरी शाळा १८७५ मध्ये बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, मुलांसाठी ‘इस्रायलाइट स्कूल’ म्हणून सुरू झाली. ती या दुसऱ्या जातकुळीतली. आज तिथली बहुतेक मुलं ज्यू नाहीत.

टॅबलेट आणि स्मार्टबोर्ड दोन्हीकडे दिसतात. पण डे स्कूलकडे वेळ भरपूर, हिब्रू स्कूलकडे वेळेचीच टंचाई. त्यामुळे ती यंत्रं कशासाठी वापरायची, हेच बदलतं.

डे स्कूलमध्ये गाठ पडते ती तालमूदच्या पानाशी. मधोमध मूळ मजकूर, आतल्या अंगाला अकराव्या शतकातल्या राशी या पंडिताचं भाष्य, बाहेरच्या अंगाला तोसाफोत, म्हणजे त्याच्यानंतरच्या पंडितांच्या टीपा. भाषा हिब्रू आणि तिची जुनी बहीण अरामी यांची सरमिसळ. मूळ मजकुराला स्वरचिन्हं (आपल्या काना-मात्रांसारख्या खुणा) नाहीत, वाक्य कुठे संपतं तेही कळत नाही. भाष्याची अक्षरं आणखी वेगळ्याच वळणाची. शिक्षक हे पान बोर्डावर लावून प्रश्न एका रंगात, उत्तर दुसऱ्या, आक्षेप तिसऱ्या रंगात रंगवतात. मग वाद कुठून कुठे गेला ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. शिवाय सेफारिया आहे: जोशुआ फोअर आणि ब्रेट लॉकस्पायझर यांनी २०११ मध्ये सुरू केलेलं मोफत डिजिटल ग्रंथालय. ओळीवर बोट ठेवलं की तिच्याशी जोडलेली बायबलमधली वचनं आणि भाष्यं बाजूला उघडतात. २०१७ पासून तिथे तालमूदचे भाष्यकार स्टाइनझाल्ट्झ यांचं इंग्रजी भाषांतरही मोफत आहे, आणि दुखणं तिथेच सुरू होतं. दोन मुलांनी समोरासमोर बसून एकेका ओळीवर भांडायचं, ही हव्रुताची जुनी रीत. अर्थ आयता मिळाला की भांडण उरतच नाही. माझ्या मते दोघांत एकच टॅबलेट द्यावा आणि भाषांतर झाकून ठेवावं.

हिब्रू स्कूलला ही चैन परवडत नाही. आठवड्याच्या दोन-चार तासांत अक्षरओळखच अर्धा वेळ खाते. म्हणून तिथलं तंत्रज्ञान वर्गापेक्षा घरात जास्त वापरलं जातं: अक्षरांचे खेळ, शिक्षकाशी व्हिडिओवरून एकट्याने वाचनाचा सराव आणि मुख्य म्हणजे बार मित्स्वाची, म्हणजे मूल धर्माच्या दृष्टीने सज्ञान होण्याच्या विधीची, तयारी. तेराव्या वर्षी मुलाने सिनेगॉगमध्ये तोराच्या गुंडाळीतून वाचायचं असतं. गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात आणि चालीच्या खुणाही नसतात. सरावाची अ‍ॅप चिन्हांसह आणि चिन्हांविना असा दोन्ही मजकूर दाखवतात, चालही ऐकवतात. पूर्वी हेच काम सिनेगॉगचा गायक कॅसेट भरून देऊन करायचा. तोटाही तेव्हाचाच: मूल कानाने पाठ करतं, नजर अक्षरांवर नसते. चांगला शिक्षक मधलीच ओळ वाचायला लावतो, की लगेच उघडं पडतं. तरी हिब्रू स्कूलला मी याचा फार बोल लावणार नाही. तेवढ्या तासांत दुसरं काय होणार?

एक फायदा मात्र दोघांना सारखा. देवाचं नाव छापलेला कागद कचऱ्यात टाकता येत नाही, तो गेनिझात, म्हणजे अशा कागदांच्या साठवणीच्या जागी, ठेवून पुढे पुरावा लागतो. पडद्यावरची अक्षरं मात्र त्या अर्थाने लिखाण नव्हेत, ती पुसली तरी चालतात, असं अनेक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मानतात. झेरॉक्सचे गठ्ठे साठवण्यापेक्षा प्रोजेक्टर बरा.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, सनातनी ज्यू उपकरणांना हात लावत नाहीत. लिहिणं आणि पुसणंही वर्ज्य. डे स्कूलला शनिवारी सुट्टीच असते, तिचं काही अडत नाही. काही सिनेगॉगांचे मुलांचे वर्ग मात्र शनिवारी सकाळीच भरतात. सुधारणावादी रिफॉर्म पंथाच्या सिनेगॉगात त्या दिवशी बहुधा प्रोजेक्टर चालतो. नियम पाळणाऱ्या सिनेगॉगात पेन्सिलसुद्धा कपाटात राहते, आणि शिक्षकाला गोष्ट, गाणं आणि नाट्यछटा यांवरच तास काढावा लागतो.