पक्षाघात आणि हृदयाची विद्युत् क्रिया

पक्षाघातात इजा मेंदूला होते, पण तिची खूण पुष्कळदा ईसीजीच्या, म्हणजे हृदयाच्या विद्युत् आलेखाच्या, कागदावरही उमटते. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली किंवा फुटली, की ठोक्यांची गती, त्यांची लय आणि आलेखातील तरंगांचा आकार बदलू शकतो. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असल्या तरी हे घडते.

हृदयाचा ठोका साइनस नोडमध्ये, म्हणजे हृदयातल्याच एका लहानशा पेशीसमूहात, आपोआप निर्माण होतो. मेंदू त्याचा वेग कमीजास्त करतो. शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारे अनुकंपी मज्जातंतू वेग वाढवतात, मेंदूतून हृदयाकडे येणारी व्हेगस ही नस तो आवरून धरते. हा तोल राखणाऱ्या मेंदूच्या भागांपैकी इन्सुला, म्हणजे मेंदूच्या बाजूच्या खोल घडीत दडलेला भाग, विशेष महत्त्वाचा, कारण मेंदूच्या मधल्या रोहिणीत गुठळी अडकली की त्याला सहज इजा होते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपस्माराच्या (फिट्सच्या) शस्त्रक्रियेदरम्यान इन्सुलाला विद्युत् उत्तेजन दिले गेले. डाव्या बाजूने ठोके मंदावण्याकडे, तर उजव्या बाजूने वाढण्याकडे कल दिसला. मात्र ही डावी-उजवी वाटणी प्रत्येक रुग्णात दिसतेच असे नाही.

जॉर्ज बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांतील एक ठळक आलेख वर्णन केला: रुंद, खोल, उलटी टी तरंग (ठोक्यानंतर हृदय विद्युत् दृष्ट्या पूर्ववत होताना उमटणारी), लांबलेले क्यूटी अंतर (ठोक्याच्या मुख्य तरंगांच्या सुरुवातीपासून टी तरंगेच्या शेवटापर्यंतचा वेळ) आणि उठून दिसणारी यू तरंग (टीनंतरची, एरवी लहानशी). मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्रावात असे बदल विशेषकरून आढळतात. ईसीजीच्या कागदावर एक मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. ठोक्यांच्या गतीनुसार दुरुस्त केलेले क्यूटी अंतर अडीच चौकोनांपलीकडे, म्हणजे ०.५ सेकंदाच्या पुढे गेले, तर निलयात, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, जीवघेणी अनियमित लय सुरू होण्याचा धोका वाढतो. रक्तातील पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असेल, तर तो आणखी बळावतो. आलेखातील या बदलांमागचे मुख्य कारण अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकांतून एकदम सुटणारे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे उत्तेजक रसायन. त्याच्या माऱ्याने हृदयपेशींत कॅल्शियम साचते, काही पेशी मरतात आणि हृदयपेशींना इजा झाल्याचे दाखवणारे ट्रोपोनिन हे प्रथिनही रक्तात वाढते.

खरी जोखीम इथेच आहे. बेशुद्ध रुग्ण छातीत दुखते की नाही हे सांगू शकत नाही आणि आलेख थेट हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसतो. तेवढ्यावर विसंबून रक्त पातळ करणारे औषध दिले आणि मेंदूत रक्तस्राव असला, तर ते प्राणावर बेतू शकते. याउलट, पक्षाघात आणि हृदयविकाराचा झटका एकाच वेळी येऊ शकतात, म्हणून बदलांचे सगळे खापर मेंदूवर फोडूनही चालत नाही.

अलिंदांच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या) अनियमित थरथरीचे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचे, कोडे वेगळे आहे. तिच्यामुळे अलिंदात गुठळी होऊन पक्षाघात येतो, हे पक्के ठाऊक आहे. पण काहींमध्ये ती पक्षाघातानंतर प्रथमच दिसते. ती आधीपासून लपून होती की मेंदूच्या इजेने जागी झाली, हे एका ईसीजीवरून कळत नाही. ती येते-जाते, दहा सेकंदांच्या आलेखातून सहज निसटते. म्हणून पक्षाघातानंतर निदान पहिले २४ तास हृदयाच्या लयीवर सतत लक्ष ठेवतात. गुठळीचा उगम सापडत नसेल, तर हीच नोंद पुढे काही आठवडे, कधी त्वचेखाली बसवलेल्या छोट्या यंत्राने त्याहूनही अधिक काळ, चालू ठेवली जाते.