हॉथॉर्न तोडू नये, कारण...

मे महिन्यात आयर्लंडमधली हॉथॉर्नची काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी लगडतात. दिसायला देखणी, पण जुन्या घरांत ती फांदी उंबऱ्याच्या आत आणलेली चालत नसे. आणली तर घरातलं कुणी दगावतं, अशी समजूत.

यात थोडं रसायनशास्त्र आहे. या फुलांत ट्रायमिथाइलअमीन असतं. मासळी शिळी झाल्यावर सुटणाऱ्या वासात हेच असतं, आणि मेलेलं जनावर कुजू लागतं तेव्हाही ते तयार होतं. त्या वासावर माश्या येतात, परागीभवन होतं, झुडपाचं काम भागतं. मयत घरात ठेवून रात्र जागवणाऱ्या आयरिश माणसांना हा वास ओळखीचा असणार. त्यातूनच फुलांची मृत्यूशी सांगड बसली, हा तर्क मला पटतो. सिद्ध करणं मात्र अवघड.

शेतात एकटंच उगवलेलं हॉथॉर्न तर तोडायचंच नाही, कारण ते 'भल्या माणसांचं', म्हणजे पऱ्यांचं. या पऱ्या गोड नव्हेत, चिडल्या तर गाय आटवणाऱ्या. म्हणून नाव टाळायचं, आपल्याकडे रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात तसं.

अशी भीती टिकते कशी? झुडूप तोडलं आणि वर्षभरात गाय मेली, तर ती हकिकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तोडूनही काही झालं नाही, हे सांगत कोण बसतो? शिवाय न तोडण्याची किंमत किती, तर नांगराला एक वळसा.

या वळशांनी पुरातत्त्वाचं मोठं भलं केलं. साधारण इसवी सन 500 ते 1000 या काळात तिथली शेतकरी कुटुंबं मातीच्या गोल बांधाआड घरं बांधून राहत. पुढे ती माणसं विस्मरणात गेली आणि त्या गढ्या पऱ्यांच्या ठरल्या. अशा 40 हजारांहून अधिक जागांची नोंद आहे. ट्रॅक्टर आणि बुलडोझर आल्यावर कितीतरी सपाट झाल्या, तरी भीतीने राखलेल्या पुष्कळ उरल्या.

1999 मध्ये क्लेअर परगण्यात 'लाटून' नावाच्या ठिकाणी अशाच एका हॉथॉर्नच्या झुडपावर नवा रस्ता येणार होता. कथाकथनकार एडी लेनिहान यांनी आवाज उठवला आणि झुडूप वाचलं. 2002 मध्ये कुणीतरी करवतीने त्याच्या फांद्या छाटल्या. बुंधा तेवढा राहिला होता. त्याला पुन्हा पालवी फुटली.