बाभळीच्या सावलीतले ढग

गेल्या हिवाळ्यात आमच्या गच्चीवर पोरांना मृग नक्षत्र दाखवत होतो. मृगाच्या बाणाखाली धूसर ठिपका (तेजोमेघ) दिसतो, तिथं आजही तारे जन्मतात, असं सांगितलं. सातवीतल्या एकीनं विचारलं, "काका, काही बटु आकाशगंगांत धातू कमी असतात म्हणे. मग तिथं तारे कशाचे बनतात?"

बटु आकाशगंगा म्हणजे आपल्या आकाशगंगेपेक्षा खूप लहान आकाशगंगा. घोटाळा 'धातू' या शब्दाचा आहे. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून सगळीच मूलद्रव्यं 'धातू', अगदी कार्बन-ऑक्सिजनसुद्धा. तारे तिथंही हायड्रोजनचेच बनतात, उणे २६० अंशांच्या आसपासच्या, वायूच्या दाट ढगांत. पण इतक्या थंडीत हायड्रोजनचा रेणू जवळपास काहीच उत्सर्जित करत नाही. म्हणून ढग शोधायचा तो कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटरच्या रेडिओलहरींवरून. १९७० साली त्या पहिल्यांदा सापडल्या, त्याही मृगातल्या याच तेजोमेघात.

खरी गंमत पुढे आहे. ताऱ्यांचे अतिनील किरण रेणू फोडतात. हायड्रोजनचे रेणू अफाट, त्यामुळे बाहेरच्या थरातले रेणू ठरावीक तरंगलांबीचे किरण पिऊन टाकतात. ते स्वतः फुटतात, पण आतले वाचतात. कार्बन मोनॉक्साइडचे रेणू त्यांच्या दहा हजारांत एखादा. एवढ्यांची भिंत होत नाही, त्यांना धुळीची सावली लागते. आणि धूळ बनते धातूंचीच! धातू कमी म्हणजे धूळ कमी. मे महिन्यात नागपुरात कडुलिंबाखाली उभं राहणं वेगळं आणि बाभळीखाली वेगळं, तसंच हे. सावली विरळ झाली की कार्बन मोनॉक्साइड ढगाच्या पार गाभ्यात आक्रसतो. बाहेर हायड्रोजनचे रेणू शाबूत असतात, पण त्यांच्यासोबत उरतो तो इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन. त्याची खूण १५८ मायक्रोमीटर तरंगलांबीवर मिळते. तिला आपल्या हवेतली वाफ अडवते, म्हणून हर्शेलसारखी अवकाश दुर्बीण लागते.

म्हणजे कार्बन मोनॉक्साइड दिसला नाही म्हणून ढगच नाही, असं म्हणता येत नाही. डब्ल्यूएलएम या बटु आकाशगंगेत सूर्याच्या तुलनेत १३ टक्केच धातू आहेत. चिलीतल्या आल्मा दुर्बिणीला तिथं कार्बन मोनॉक्साइडचे दहा ढग सापडले, तेही जेमतेम दहा-बारा प्रकाशवर्षं रुंदीचे. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं.

ही आकाशगंगा सुमारे ३० लाख प्रकाशवर्षं दूर, तिमिंगल तारकासमूहात आहे. नोव्हेंबरात रात्री तो भाग आमच्या गच्चीच्या दक्षिणेला चांगला वर येतो. नुसत्या डोळ्यांना तिथं काहीच दिसत नाही. तरी यंदा पोरांना ती दिशा मी दाखवणार आहे.