बुडणारा माणूस ओरडत नाही
पार्टी बोट पोहण्यासाठी थांबली की हमखास कानावर पडतं, ‘काही झालं तर हाक मारेलच की!’ हा समज जिवावर बेतणारा आहे. बुडताना तोंड क्षणभरच पाण्यावर येतं. तेवढ्यात कसाबसा श्वास घेता येतो, हाक मारायला उसंतच नसते. हातही वर करता येत नाहीत, ते आपोआप पाणी खाली दाबत राहतात. डोकं मागे कललेलं, केस डोळ्यांवर, जणू न दिसणारी शिडी चढतोय. हे सगळं जेमतेम २० ते ६० सेकंद. त्यात गाण्यांचा दणदणाट! म्हणून प्रत्येक थांब्याला एकाने तरी न पिता फक्त पाण्याकडे बघत बसावं. कुणी गप्प दिसला तर विचारा, ‘ठीक आहेस ना?’ उत्तर आलं नाही, तर लगेच लाइफ रिंग फेका.